पासचा पेपर

क्लूनरेव्हाच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या सगळ्याजणींना मुलं 'बाई' म्हणतात. अट्रॅक्टा कॅफर्कीला मात्र नुसतं अट्रॅक्टा म्हणतात. ती ऑफिसात बसते. फोन घेते, घंटा देते, गुडघा फुटला तर पट्टी लावते, हरवलेले हातमोजे खोक्यात जमा करते आणि पावसात भिजून आलेल्या पोरांचे मोजे रेडिएटरवर वाळत घालते. तीस वर्षं हेच चाललंय. दर सप्टेंबरला ट्रेनिंग कॉलेजातून एखादी कोरी करकरीत मास्तरीण येते, झेरॉक्सचं मशीन कसं चालतं ते अट्रॅक्टाला विचारते आणि नाताळपर्यंत तिलाच सांगू लागते, की मुलांना कसं हाताळायचं असतं. अट्रॅक्टा ऐकून घेते. तोंडात मूग धरून बसायची सवय तिला फार आधीपासूनची.

तिला काय व्हायचं होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पाच वर्षांची असताना ती कोंबड्यांना ओळीत उभं करून पाढे शिकवायची, आणि कोंबड्या ऐकत नाहीत म्हणून रडायची. मोठी झाली तरी ते खूळ गेलं नाही. गावातल्या गावात, तेव्हा दोन खोल्यांच्या असलेल्या याच शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायचं, याहून मोठं स्वप्न तिने कधी पाहिलं नाही. माणसं यापेक्षा पुष्कळ मोठं मागतात आणि मिळवतात, म्हणून सांगितलं.

पण आयर्लंडात प्राथमिक शाळेची मास्तरीण व्हायचं तर आयरिश यावी लागते, आणि ती साधी येऊन भागत नाही. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत आयरिशचे दोन पेपर असतात. वरच्या पातळीचा तो हॉनर्स, गुलाबी कागदावर. खालच्या पातळीचा तो पास, निळ्यावर. ट्रेनिंग कॉलेजला हॉनर्सच लागतो. पासमध्ये पैकीच्या पैकी मिळवले तरी तिथला दरवाजा उघडत नाही. आणि गंमत अशी, की दोन वर्षं हॉनर्सच्या वर्गात बसलेल्या पोरालाही परीक्षेच्या दिवशी सकाळी, हॉलमध्ये बाकावर बसल्या बसल्या, हात वर करून सांगता येतं, की मला निळा द्या. याला आमच्याकडे 'खाली उतरणं' म्हणतात. दरवर्षी जून महिन्यात शेकड्यांनी पोरं उतरतात. बाकीच्या विषयांतही उतरतात, पण आयरिशमध्ये फार. आपलीच भाषा म्हणायची आणि तिलाच सगळ्यांत जास्त भ्यायचं, हा आमचा राष्ट्रीय धर्म आहे.

कॅफर्कींच्या घरात तर या भीतीला देव्हाऱ्यातच जागा होती. अट्रॅक्टाचा थोरला भाऊ मॅलकी तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा. हुशार म्हणून त्याचं नाव होतं, त्याने कारकून तरी व्हावं अशी घराची आशा. त्या काळी कायदा असा होता, की आयरिशमध्ये नापास झालात तर अख्खी परीक्षाच नापास, बाकी विषयांत काय दिवे लावलेत ते कोणी बघत नसे. मॅलकी हॉनर्सला बसला, आयरिशमध्ये गेला, त्यापायी सगळंच गेलं. त्याच उन्हाळ्यात तो बोट पकडून इंग्लंडला, कॉव्हेंट्रीत इमारतींच्या कामावर गेला, तो तिकडचाच झाला. अट्रॅक्टा तेव्हा दोन वर्षांची होती. ही कथा तिने आईकडून इतक्यांदा ऐकली, की आपण स्वतः पाहिल्यासारखी तिला पाठ झाली होती.

"गुलाबी कागदानं माझा लेक खाल्ला," डीलिया म्हणायची. ही तिची आई. बटाटे सोलता सोलता म्हणायची, जपमाळेनंतर म्हणायची, पाहुण्यांना सांगायची. पुढे तो कायदा रद्द झाला. आयरिश गेली तरी बाकीचे विषय जागेवर राहू लागले. पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि डीलियाची फुंकर काही थांबली नाही.

मधल्या दोघी बहिणी बोस्टनला गेल्या. अट्रॅक्टा चौदा वर्षांची असताना वडील गेले, गवत कापायच्या ऐन हंगामात. घरात राहिल्या मायलेकी, नऊ गाई आणि एक कुत्रा.

गावापासून सहा मैलांवर कॉन्व्हेंट शाळा होती. तिथे आयरिश शिकवायच्या सिस्टर बेनिग्नस. अंगाने एवढ्याशा, पण वर्गात आल्या की खिडकीवरची माशीही शिस्तीत बसायची. अट्रॅक्टा त्यांच्या हॉनर्सच्या वर्गात पहिल्या रांगेतली नव्हती, मधल्या रांगेतली होती. रेटून अभ्यास करणारी. कवितेचं अर्धं कळायचं, अर्धं पाठ करायची. सराव परीक्षेत काठावर आली तेव्हा सिस्टरनी तिला थांबवून घेतलं.

"तू उतरायचा विचार करत्येस?"

"नाही, सिस्टर."

"तुझ्या तोंडावर दिसतंय. हे बघ, तू काही फार मोठी पंडिता नाहीस. पण तुला हवा तेवढा ग्रेड तू काढशील, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावर सांगत्ये. फक्त त्या दिवशी बाकावर बस आणि तोंड बंद ठेव. पेपर आपोआप गुलाबीच येईल."

ईस्टरच्या सुमारास ट्रेनिंग कॉलेजने तिला मुलाखतीला डब्लिनला बोलावलं. ती बसने गेली, तीन बायांपुढे आयरिशमध्ये आपल्या गावाबद्दल बोलली, एक गाणं म्हटलं आणि परत येताना खिडकीशी बसून वाटभर हसत राहिली. महिन्याभरात आयरिशची तोंडी परीक्षा झाली, तीही बरी गेली. आता राहिला होता फक्त कागद.

घरी डीलिया काही बोलत नव्हती. मुलाखत कशी झाली, विचारलं नाही. अट्रॅक्टाला वाटलं, आई काळजीत आहे. आईची काळजी हीच आईची माया, असं समजणाऱ्या पोरी असतात, त्यांतली ही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी डीलियाने अंडं उकडलं, सोडा ब्रेड कापला, खिडकीत आशीर्वादाची मेणबत्ती लावली. पोरीच्या डोक्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मग समोर बसली आणि म्हणाली, "पासचा माग."

"आई, काय हे? आज?"

"आजच. अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. पासमध्ये तुला झकास मार्क पडतील. हॉनर्समध्ये गेलीस आणि आपटलीस तर?"

"तो कायदा आता नाहीये. सिस्टर म्हणतात मला जमेल."

"सिस्टरांना पोरं आहेत का? मॅलकीलाही त्याचे मास्तर हेच म्हणाले होते. जमेल म्हणाले होते. गेला की नाही माझा मुलगा? तुझे बाबा असते तर मी बोलले नसते. ते नाहीत." डीलियाचा आवाज कधी चढत नसे, तो त्याही दिवशी चढला नाही. "बाबांच्या कबरीची शपथ घे. मग सुखानं जा. मी दिवसभर इथं जपमाळ घेऊन बसते."

अट्रॅक्टाने अर्धं अंडं तसंच टाकलं. बाहेर शेजाऱ्याची गाडी हॉर्न वाजवत होती, तो तिला कॉन्व्हेंटपर्यंत सोडणार होता. सतरा वर्षांच्या पोरीने त्या वेळी काय करायला हवं होतं, हे पन्नाशीतल्या कोणीही सांगावं. तिने शपथ घेतली.

हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून एक निवृत्त मास्तर होते. गुलाबी कागद वाटत तिच्या बाकाशी आले आणि तिने हात वर केला.

"मला पासचा हवाय, सर."

त्यांनी यादीत पाहिलं. "यादीत हॉनर्स लिहिलंय, बाळ."

"हो. पण पासचा द्या."

"नक्की ना? घाई नको करू. एक मिनिट आहे आपल्याकडे."

ते खरंच थांबले. भला माणूस होता. अट्रॅक्टाने मान हलवली आणि निळा कागद घेतला. तो तिने निम्म्या वेळातच संपवला, आणि उरलेला वेळ शेजारच्या बाकावरचा गुलाबी कागद उलटा वाचत बसली. पहिला निबंध तिला येणारा होता. दुसराही. बाहेर पडल्यावर व्हरांड्यात सिस्टर बेनिग्नस भेटल्या. त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. त्या तिच्याजवळून गेल्या आणि बोलल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. आयरिशमध्ये अ श्रेणी. डीलियाने सफरचंदाचे चार टार्ट भाजून घरोघर वाटले. "आयरिशमध्ये अ आली हो आमच्या पोरीला," असं ती चर्चच्या दारात सांगे. पासचा, हे मात्र सांगत नसे. ट्रेनिंगचं बोलावणं आलं नाही, ते येणारच नव्हतं. मधल्या रांगेतल्याच तिच्या दोन मैत्रिणी गेल्या. त्यांतली एक आज डोनेगॉलमध्ये हेडमास्तरीण आहे.

आता कोणी विचारील, वर्षभराने परत का बसली नाही? बसतात की लोक. सिस्टर बेनिग्नस राग गिळून ऑक्टोबरात घरी आल्या होत्या हेच सांगायला. फी नको, पुस्तकं नकोत, नुसती ये म्हणाल्या. डीलियाने त्यांना चांगल्या कपात चहा दिला, प्रत्येक शब्दाला मान डोलावली, फाटकापर्यंत पोचवायला गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पण कळ ती कळ, सापडत नाही म्हणून नाही असं थोडंच. अट्रॅक्टा गाईंची धार काढायला राहिली. पुढच्या वर्षी राहिली, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग शाळेच्या ऑफिसात जागा निघाली. शाळा तीच, दार वेगळं, असं ती स्वतःला समजावत असे. एकदा एक टपालवाला लग्नाचं विचारत होता, बदली होऊन टलामोरला निघाला होता. तेव्हाही कळ आली.

असं करता करता पोरगी पन्नाशीची झाली आणि आई नव्वदीची.

त्या वर्षी त्यांच्या घरी मिस्सा यायची पाळी होती. आमच्याकडे गावातल्या घरांना पाळीने फादर येऊन मिस्सा, म्हणजे एरवी चर्चमध्ये होणारी मोठी प्रार्थना, वाचतात, शेजारीपाजारी येतात, मग सगळ्यांना न्याहारी. पाळी बारा-पंधरा वर्षांनी येते, म्हणून तिचा थाट लग्नाहून मोठा. अट्रॅक्टाने महिनाभर आधीपासून भिंती रंगवल्या, पडदे शिवले, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या. ज्या खोलीत कोणी जात नाही तिथलंही कोळिष्टक काढलं, कारण आमच्या बायकांना खात्री असते, की फादर नेमके तिथेच डोकावतील. मॅलकी कॉव्हेंट्रीहून आला. आता निवृत्त, गुडघे गेलेले, पण गप्पांना भारी. आईने त्याच्यासाठी खुर्ची आपल्या शेजारी ठेवायला सांगितली.

मिस्सा झाली. फादरांपुढे अर्धं ग्रेपफ्रूट, वर चेरी. मग सॉसेज, अंडी, ब्राऊन ब्रेड. अट्रॅक्टा मोठी किटली घेऊन टेबलाभोवती फिरत होती. फादर तरुण होते, मॅलकीला सहज म्हणाले, "तुम्ही लहान वयातच गेलात ना तिकडे?"

"आयरिशनं घालवलं मला," मॅलकी म्हणाला आणि डोळा मारला. "म्हणजे तसं आपलं म्हणायचं. अहो फादर, खरं सांगू? मी त्या पेपराला गेलोच नाही."

"गेलातच नाही म्हणजे?"

"निघालो होतो सायकलवरून. पुलापाशी फ्रँक डफीचा मॅटी भेटला. म्हणाला, नदीत पाईक मासे नुसते उड्या मारतायत. असली सकाळ होती फादर, त्या सकाळी कविता कोण लिहिणार. दप्तर झुडपात टाकलं आणि संध्याकाळपर्यंत गळ टाकून बसलो. घरी येऊन सांगितलं, पेपर म्हणजे कसाई होता कसाई. बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला हो. त्यापेक्षा दोन-चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं."

टेबल हसलं. फादरही हसले. शेजारच्या नोरीन म्हणाल्या, "मेल्या, आणि आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना केली होती."

"उपयोग झाला ना. मोठा पाईक मिळाला."

"आईला कधी कळलं मग?" फादरांनी विचारलं.

"आईला? त्याच नाताळात. पहिल्यांदा घरी आलो, दोन ग्लास पोटात गेले, राहवेना, सांगून टाकलं. बाबांना सांगू नको म्हणाली. पण इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांत पाणी. काय गं आई, आठवतं का?"

डीलिया आपल्या अंड्यावर मीठ घालत होती. "आठवतं की," ती म्हणाली. "दप्तर गाईनं चावलं होतं."

पुन्हा हशा पिकला. अट्रॅक्टाच्या हातात किटली होती आणि समोर नोरीनचा कप. तिने तो भरला, मग पुढचा भरला. डोक्यात एकच गोष्ट चालली होती, की तो नाताळ आला तेव्हा मी दोन वर्षांची होते. मी हॉलमध्ये बसले त्याच्या पुष्कळ आधी ही बाई हसून मोकळी झाली होती.

"तू का नाही हसत?" मॅलकीने विचारलं. "तुला ठाऊकच असेल म्हणा."

"हो," अट्रॅक्टा म्हणाली. "चहा हवाय का अजून?"

दुपारपर्यंत माणसं गेली. मॅलकी शेजाऱ्यांबरोबर गावात पबकडे गेला. अट्रॅक्टाने भांडी धुतली, खुर्च्या एकावर एक रचल्या. डीलिया शेगडीपाशी तिच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर ब्रेडचा चुरा होता तो बोटाने वेचत होती. तिचा कान शाबूत होता, डोकंही शाबूत होतं. आपण वेड्या म्हातारीशी बोलतोय असं म्हणून सुटायची सोय अट्रॅक्टाला नव्हती.

"आई, तुला ठाऊक होतं."

"काय गं?"

"मॅलकीनं पेपर दिलाच नव्हता, हे."

"पोरं काय काय करतात. तेव्हा मी कुणाकुणाला रागवत बसू."

"मग माझ्याकडून शपथ कशाला घेतलीस? बाबांच्या कबरीची?"

डीलियाने चुरा शेगडीत टाकला. तिचा आवाज तोच होता, अंडं उकडलं त्या सकाळचा.

"तुझे बाबा गेले होते. दोघी बोस्टनला. मॅलकी तिकडे. गाई होत्या, घर होतं. डब्लिनला गेलेली मुलगी परत येते होय?"

"मी येणार होते. मला इथलीच शाळा हवी होती. तुला सांगितलं होतं मी, कितीदा."

"सगळीच येणार होती, अट्रॅक्टा. चारही जणांनी मला तसं सांगून ठेवलंच होतं."

"मी तुला आधीच सोडून जाणार, असं तू धरूनच चाललीस? माझ्या मनात काय आहे ते न विचारताच?"

"विचारून काय होतं. तू हो म्हणाली असतीस. खरंही म्हणाली असतीस. सतरा वर्षांचं माणूस खरंच बोलतं."

अट्रॅक्टाला ओरडायचं होतं. तीस वर्षं शाळेच्या व्हरांड्यात ऐकलेलं 'बाई, बाई' तिच्या कानांत घुमलं. "तू माझं आयुष्य घेतलंस," ती शेवटी म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते खोलीत अगदी लहानसं वाटलं.

डीलियाने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, पश्चात्ताप तर नव्हताच.

"मी काही घेतलं नाही. मी म्हटलं तेवढं. तिथे हॉलमध्ये हात तू वर केलास. मी काय आले होते तिथं तुझा हात धरायला?"

याला उत्तर असायला हवं होतं. एखाद्या मास्तरणीपाशी ते असतंही. अट्रॅक्टाने शोधलं आणि तिला फक्त ते पर्यवेक्षक आठवले, एक मिनिट आहे आपल्याकडे म्हणून बाकाशी उभे राहिलेले. ते मिनिट आईने घेतलं नव्हतं. ते तिच्यापाशीच होतं, पूर्ण, आणि तिने ते मान हलवण्यात घालवलं होतं. आईवर चिडावं की त्या पोरीवर चिडावं हे तिला ठरवता येईना, आणि दोघींवर चिडण्याइतका जीव आता उरला नव्हता.

"किटलीत आहे का गं थोडा?" डीलियाने विचारलं. "आज धड पोटभर चहासुद्धा नाही झाला. सगळी नुसती बडबड."

नाही म्हणावं, असं अट्रॅक्टाच्या अगदी ओठांवर आलं. मग तिने किटली परत चुलीवर ठेवली, कप विसळला, दोन चमचे साखर घातली, दूध आधी ओतलं, कारण आईला तसा लागतो. कप तिने आईच्या दोन्ही हातांत नीट दिला, सांडू नये म्हणून क्षणभर खालून धरून ठेवला.

"छान झालाय," डीलिया म्हणाली.